किती वेळा रडवणार?

डिसेंबर २०२४ मधल्या एका रात्री आमच्या घरी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. मुंबईत शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले होते आणि त्या समारंभातले एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले जात होते. विनोद कांबळी व्यासपीठावर खुर्चीत बसला आहे. सचिन तेंडुलकर त्याच्याजवळ येतो. कांबळी त्याचा हात धरतो आणि सोडता सोडत नाही. दृश्याभोवती लाल वर्तुळ, खाली मोठ्या अक्षरांत प्रश्नचिन्हे, मागे रडवे संगीत. लगेच जुने दृश्य : १३ मार्च १९९६, कोलकात्याचे ईडन गार्डन्स. हाच माणूस चोवीस वर्षांचा, डोळे पुशीत मैदानाबाहेर चाललेला. मग पुन्हा तो हात. मग पुन्हा ते अश्रू.

आमचे बाबा उंबऱ्याशी बसून जेवणानंतरचे पान जुळवीत होते. ते म्हणाले, "बंद कर ते. किती येळा रडवतायत त्याला!"

प्रस्तुत लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे. मी क्रिकेटची जाणकार नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे आपण कशावर मत द्यावे आणि कशावर देऊ नये, याचा धाकही मनात आहे. पण टीव्ही मी लहानपणापासून पाहत आले आहे. खेळाडूची कारकीर्द बिघडली की टीव्ही तिची गोष्ट एकाच साच्यात ओतून सांगतो, आणि तो साचा खोटा आहे, असे माझे मत झाले आहे. ते येथे मांडते.

ईडनची ती रात्र बाबांनी पाहिली होती. ते तेव्हा बावीस वर्षांचे. शिमगा नुकताच आटोपला होता. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत एकच संच, तोही कृष्णधवल. आणि अँटेना धरून ठेवायला एक पोरगा कौलांवर बसवलेला. श्रीलंकेच्या २५१ धावा झाल्या होत्या. सचिन ६५ धावा काढून परतला तेव्हा आपला धावफलक दोन बाद ९८ होता. तेथून आठ बाद १२० व्हायला वेळ लागला नाही. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. कांबळी १० धावांवर नाबाद होता. तो रडत परतला. बाबा सांगतात, घरात कुणी काही बोलेना. कौलांवरचा पोरगा मात्र वरून "काय झालं? काय झालं?" असे विचारत राहिला आणि त्याला उत्तर द्यायचे कुणाला सुचले नाही.

त्या रात्री ते अश्रू सगळ्यांचे होते. नाबाद राहिलेल्या फलंदाजाने हरवलेला सामना नव्हता तो. पण पुढे पुढे वाहिन्यांनी ते अश्रू त्याच्या एकट्याच्या नावावर चढवले. आता ते दृश्य लागले की निवेदक म्हणतो, आणि येथूनच घसरण सुरू झाली.

कागदावरची हकीकत वेगळी आहे. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम शाळेच्या या दोन मुलांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. त्यात सचिनच्या ३२६ होत्या आणि कांबळीच्या ३४९. फेब्रुवारी-मार्च १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत कांबळीने २२४ आणि २२७ धावा काढल्या. पहिल्या वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध, दुसऱ्या दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध. एकूण १७ कसोटी, १०८४ धावा, चार शतके, सरासरी ५४.२०. सचिन निवृत्त झाला तेव्हा त्याची सरासरी ५३.७८ होती. सतरा कसोटींची दोनशे कसोटींशी तुलना होत नाही, हे मलाही कळते. सचिनभक्तांनी रागावू नये. सांगायचे ते एवढेच की ५४.२० हा आकडा मला टीव्हीवर एकदाही दिसलेला नाही आणि ते अश्रू किती वेळा दिसले याची गणती नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तारखांची. कांबळी शेवटची कसोटी खेळला नोव्हेंबर १९९५ मध्ये. म्हणजे ईडनच्या चार महिने आधीच त्याची कसोटी कारकीर्द संपलेली होती, वयाच्या तेविसाव्या वर्षी. तेव्हा कुणी रडले नाही, कारण ती संपली आहे हे कुणालाच, बहुधा त्यालाही, ठाऊक नव्हते. उलट एकदिवसीय सामने तो ईडननंतरही खेळत होता, थेट २००० सालापर्यंत. तेव्हा जे दृश्य शेवट म्हणून दाखवतात तो शेवट नव्हे आणि ज्याला आरंभ म्हणतात तो आरंभही नव्हे.

मग खरे काय घडले? १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्यापुढे तो अडखळला. जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड यांनी पदार्पण केले आणि मधल्या फळीत दाटी झाली. त्याचे स्वतःचे वागणे होते, निवड समित्यांचा धीर किंवा अधीरपणा होता. त्याचे वजन जाणकारांनी करावे. पण हे सारे हळूहळू झाले, महिन्यामहिन्यांनी झाले आणि त्याचे चित्रीकरण झाले नाही, होणारही नव्हते. संघाची यादी वाचली जाते आणि तिच्यात नाव नसते. नसलेल्या नावाचे दृश्य कसे घेणार? कॅमेऱ्याला काहीतरी घडावे लागते. खेळाडूच्या आयुष्यात मात्र पुष्कळदा काहीच घडत नाही, आणि त्यातच ते संपते.

आम्हाला साहित्यविचाराच्या तासाला ॲरिस्टॉटलची शोकांतिका शिकवली. नायक मोठा असतो, त्याच्या हातून चूक होते, तो कोसळतो. आणि प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भीती उत्पन्न होते. करुणा अशासाठी की त्याच्या वाट्याला त्याच्या दोषापेक्षा अधिक दुःख येते. भीती अशासाठी की तो आपल्यासारखाच माणूस असतो. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे ईडन नव्हते असे म्हटले तर ते खोटे ठरेल. टीव्हीने शोकांतिकेतली करुणा ठेवली आहे आणि भीती काढून टाकली आहे. पडलेला खेळाडू असा दाखवायचा की तो आपल्यासारखा मुळी वाटताच कामा नये. त्याला एक खोट असते : पैसा चढला, नाद लागला, संगत वाईट. खोट कळली की प्रेक्षक निर्धास्त. 'अरेरे' म्हणावे आणि पुढच्या वाहिनीवर जावे.

लहानपणी पाहिलेल्या 'महाभारता'त कर्णाच्या रथाचे चाक रुतते तेव्हा मी रडले होते. कवचकुंडले आधीच गेली होती, दोन शाप होते, सारथी शल्य टोमणे मारून खच्ची करीत होता. पण लक्षात राहिले ते चाक. कॅमेऱ्याला चाक आवडते.

या साच्याचे दुसरे अंग म्हणजे दोन मित्रांची जोडी. २००९ मध्ये 'सच का सामना' नावाचा कार्यक्रम होता. माणसाला खोटे पकडणाऱ्या यंत्राच्या साक्षीने खाजगी प्रश्न विचारायचे आणि खरे बोलला तर पैसे द्यायचे. कांबळी त्यात बसला. सचिनने आपल्याला अधिक मदत करायला हवी होती, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले आणि मग जिकडेतिकडे चर्चा झाली ती या मैत्रीची. एक वर गेला, एक खाली आला. दोघांचे गुरू एक, शाळा एक, मग फरक कशाचा? फरक स्वभावाचा! झाले, गोष्ट पुरी. पण वाचकहो, सचिनशेजारी उभे केले तर या देशातला कोणता खेळाडू पडलेला दिसणार नाही? गावातल्या टेकडीला सह्याद्रीशेजारी उभे करून तिला खड्डा म्हणण्यासारखे आहे हे.

आता मूळ रात्रीकडे येते. माझा धाकटा भाऊ दहावीत आहे. कबड्डीत चढाईला चांगला आहे. तालुक्याला, जिल्ह्याला खेळून आला आहे. मॅट पाहिली की त्याचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. बाबांनी टीव्ही बंद करायला सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई, पण चूक त्याचीच ना? मी तर सुपारीलापन हात लावत नाय. माझं कशाला वाईट व्हईल?"

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पानाचा डबा मिटला आणि भिंतीला हात लावून ते उठले. ते नेहमी तसेच उठतात. त्यांचा उजवा गुडघा एकदम सरळ होत नाही.

बाबा कबड्डी खेळत असत. तेव्हा मॅट नव्हती, माती होती. भात कापून झाले की मळ्यात रेघा मारायच्या आणि ट्यूबलाइटच्या उजेडात रात्रभर सामने चालायचे. त्यांचा खेळ पाहून कुणीतरी त्यांना मुंबईला नेले. लालबागला गावाच्या खोलीत वीस जणांत ते राहिले, एका कंपनीच्या संघातून खेळू लागले. नोकरी हंगामी होती. खेळ चांगला झाला तर कायम करू, असे तोंडी सांगितलेले. १९९८ मध्ये एका सामन्यात एकाने त्यांचा घोटा धरला आणि दुसरा बाजूने गुडघ्यावर पडला. सुतळी तुटावी तसा आवाज आला, असे बाबा म्हणतात. मालिश केले, पट्टा बांधला. आत काय तुटले आहे हे पाहण्याची तपासणी असते, हे त्यांना कुणी सांगितले नाही. सूज उतरली म्हणून अडीच महिन्यांनी ते पुन्हा उतरले आणि तिसऱ्याच चढाईला ढोपर निसटले. कंपनीने पुढच्या हंगामात बोलावले नाही. काढून टाकल्याची चिठ्ठीसुद्धा आली नाही, कारण ठेवल्याची चिठ्ठी कधी दिलेलीच नव्हती. बाबा गावी आले. आज ते आंब्याच्या बागेत कामाला आहेत. झाडावर चढता येत नाही, म्हणून खाली बसून आंब्याची प्रतवारी करतात, पेट्या भरतात.

या माणसाने कधी दारूला स्पर्श केला नाही, संगत वाईट धरली नाही, पैसा चढावा एवढा पैसा त्यांना मिळाला नाही. त्यांच्या गोष्टीत खोट सापडत नाही, म्हणून टीव्हीच्या लेखी तिथे गोष्टच नाही. आणि माझ्या भावाला, ज्याने हा गुडघा जन्मापासून पाहिला आहे, टीव्हीने शिकवले की जो पडतो तो आपल्या वागण्याने पडतो. मला राग आला तो याचा. बापाचा गुडघा समोर असताना पोराने पडद्यावरचे खरे मानावे!

२०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर दिसते आणि आमच्या घरी ती सणासारखी पाहिली जाते. कबड्डीला पैसा आला, कीर्ती आली. ते चांगलेच झाले. पण बाबांचे पाहणे निराळे आहे. आम्ही गुण बघतो, ते ढोपरे बघतात. एखाद्याची पकड झाली, सहा जण अंगावर पडले आणि तो मैदानावरच राहिला, की बाबा पुढे सरकतात. तीन कोनांतून ती पकड पुन्हा दाखवतात, बदली खेळाडू येतो, जाहिराती लागतात. मग सामना पुढे जातो. "त्याचं काय झालं ते सांगत नायत," असे बाबा प्रत्येक वेळी म्हणतात. पुढच्या आठवड्यात त्या संघाच्या यादीत तो नसतो.

कुणी म्हणेल, सज्जन खेळाडूंच्या उपेक्षेच्या कथाही हल्ली दाखवतात. होय, पण त्या कशा? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. (आमच्या प्राचार्यांनी हे वाचून घाबरू नये.) परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर ते पोलिसांत नोकरीला लागले आणि १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, मृत्यूला पंधराहून अधिक वर्षे लोटल्यावर. त्यांच्यावर काही दाखवायचे झाले की मिरवणूक आणि अपघात एवढेच दाखवतात. मधली तीस वर्षे, ज्यांत एक ऑलिंपिक पदकवीर रोज सकाळी गणवेश चढवून कामावर जात होता, ती एका वाक्यात संपतात. मला त्या तीस वर्षांविषयी कुतूहल आहे. कुस्ती सुटल्यावर माणूस सकाळी उठून काय करतो?

दुसरी बाजू लिहिली नाही तर लेख एकांगी होईल. पडद्याने भलेही केले आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. पुढे लोक त्यांना विसरले. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी आमच्या वर्गात त्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. जून २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला आणि ते घरोघरी पोचले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला. कांबळीची चित्रे पाहूनही १९८३ च्या विश्वविजेत्या संघातले खेळाडू मदतीला पुढे झाले. दिसले म्हणून मदत आली, हे खरे आहे. मी हे लिहिताना स्वतःशीच भांडते आहे : न दाखवले असते तर बरे झाले असते का? नाही. पण ऑगस्ट २०२२ मध्ये कांबळीने वर्तमानपत्राला सांगितले होते की क्रिकेट मंडळाचे तीस हजार रुपये निवृत्तिवेतन हेच आपले उत्पन्न आहे आणि आपल्याला मुलांना शिकवण्याचे काम हवे आहे. काम मागितले होते त्याने. पडद्यावर मात्र भिकेची कहाणी आली, कामाची मागणी मागे पडली. आणि शिवाजी पार्कच्या त्या समारंभात त्याने आचरेकर सरांच्या आवडीचे एक जुने सिनेमागीत गायले होते. आवाज थरथरत होता, पण गायले. आमच्या टीव्हीवर त्या रात्री ते लागले नाही. मी ते नंतर मोबाईलवर शोधून बाबांना ऐकवले. बाबा हसले, पुष्कळ दिवसांनी एखादा जुना खेळगडी भेटावा तसे हसले.

भावाला एका निवासी प्रशिक्षण केंद्राच्या निवड चाचणीला जायचे आहे. अर्ज आला आहे. सोबत पालकांचे संमतिपत्र आहे. बाबा सातवी शिकलेले, वाचता येते; पण असले कागद आता मीच वाचायचे असा घरात नियम झाला आहे. गेल्या रविवारी मी रत्नागिरीहून घरी गेले तेव्हा ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचून दाखवले. माझा पाल्य स्वखुशीने सहभागी होत आहे. केंद्राचे सर्व नियम त्याला बंधनकारक राहतील. खेळताना दुखापत झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी पालकाची राहील.

"पुढं काय लिवलंय?" बाबांनी विचारले.

पुढे सहीसाठी जागा होती. तसे मी सांगितले. भाऊ दारात उभा होता. त्याने पहिल्यांदाच बाबांच्या गुडघ्याकडे नीट पाहिले असावे, किंवा मला तसे वाटले. बाबांनी कागद घडी करून ट्रंकेत ठेवला. नाही म्हणाले नाहीत, होही म्हणाले नाहीत. संध्याकाळी मी एस.टी. पकडायला निघाले तेव्हा ते अंगणात होते, आणि घोटा धरला गेला तर गुडघा ताठ न ठेवता कसे वळून पडायचे ते भावाला दाखवीत होते. स्वतःला पडता येत नव्हते म्हणून हातांनीच.

अर्जाची शेवटची तारीख या महिन्याच्या तीस तारखेला आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ती उलटून गेलेली असेल.